चेस इंजिन डेप्थ २० गाठतं ते नेमकं काय सोडून देऊन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की स्वतः लिहिलेलं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) अल्फा-बीटा, म्हणजे निकाल न बदलणाऱ्या फांद्या सोडायची पद्धत, लावूनसुद्धा डेप्थ ६ ला, म्हणजे सहा चाली पुढचं बघताना, मान टाकतं, आणि त्याच मशीनवर बाकीची इंजिनं काही सेकंदांत २० च्या पुढे जातात, मग ती एवढ्या चाली सोडून देतात तरी कुठल्या, आणि सोडलेल्यातच एखादी भारी चाल असली तर काय. बरीच वर्षं हेच करतोय, हौस म्हणून सुरू केलं होतं आणि सुटलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आकडे बघू म्हणजे कशाशी गाठ आहे ते कळेल. सुरुवातीच्या पटावर पांढऱ्याला २० चाली आहेत, काळ्याचं उत्तर धरलं की ४०० शक्यता, तीन प्लायला (प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल) ८,९०२, पाच प्लायला ४८,६५,६०९ आणि सहा प्लायला ११,९०,६०,३२४. आणि ही तर ओपनिंग, जिथे सोंगट्या अजून एकमेकींच्या मागे अडकलेल्या असतात. मधल्या डावात सरासरी ३५ चाली धरल्या तर सहा प्लायलाच १८४ कोटीच्या आसपास जातं. आता अल्फा-बीटा. क्नुथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये त्याचं नीट विश्लेषण केलं, त्यानुसार प्रत्येक नोडवर (चालींच्या झाडातल्या प्रत्येक पोझिशनवर) सगळ्यात चांगली चाल पहिलीच आली तर या १८४ कोटींच्या जागी फक्त ८५,७४९ पानं (झाडाच्या टोकाच्या पोझिशन) बघावी लागतात. उत्तर तेच, तंतोतंत तेच. म्हणजे इथे जे छाटलं जातं त्यात काहीही हुकत नाही, कारण ती छाटणी सिद्ध करून केलेली असते.

ते कसं, हे एकदा हाताने करून बघा. समजा तुमची पहिली चाल पूर्ण तपासली आणि समोरच्याने उत्तम खेळूनही तुम्हाला प्याद्यांच्या हिशोबात +०.३० उरतंय. आता दुसरी चाल घेतली, आणि समोरच्याचं पहिलंच उत्तर असं निघालं की तुमचा वजीर फुकट जातो. इथे थांबायचं. त्याच्याकडे अजून ३४ उत्तरं असतील आणि त्यातली काही याहून भयंकर असतील, पण दुसरी चाल पहिलीपेक्षा वाईट आहे एवढं कळलं की बास, किती वाईट हे कळून काय करायचंय. मात्र तेच वजीर खाणारं उत्तर तुमच्या मूव्ह जनरेटरने ३५ व्या नंबरला दिलं असतं तर आधीची ३४ उत्तरं त्यांच्या पोटातल्या सगळ्या झाडासकट उगाच बघून झाली असती. म्हणून मला कोणी विचारलं की प्रूनिंग (छाटणी) कुठून सुरू करू, तर मी सांगतो प्रूनिंगला हात लावूच नका, आधी मूव्ह ऑर्डरिंग, म्हणजे चाली बघायचा क्रम, नीट करा. तुमचं इंजिन सहावर अडकलंय त्याचं कारण मला नव्वद टक्के हेच वाटतंय.

ऑर्डरिंग म्हणजे काय तर आधी हॅश टेबलमधली (आधी बघितलेल्या पोझिशनच्या नोंदवहीतली) चाल, मग फायद्याच्या मारामाऱ्या, म्हणजे प्याद्याने वजीर मारणं आधी आणि वजिराने प्यादं मारणं नंतर, मग किलर चाली (शेजारच्या फांदीत नुकत्याच छाटणी घडवून गेलेल्या), मग हिस्टरीच्या क्रमाने, म्हणजे आधी किती वेळा कामी आल्या त्या क्रमाने, शांत चाली, आणि शेवटी ज्यात सरळ नुकसान दिसतंय अशा मारामाऱ्या. हॅशमध्ये चाल येते कुठून? आधीच्या डेप्थच्या सर्चमधून. म्हणूनच सगळी इंजिनं डेप्थ १, मग २, मग ३ असं करत जातात, नवीन माणसाला ते वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण आधीच्या फेरीने भरून ठेवलेल्या चालींमुळे पुढची फेरी इतकी पटकन होते की थेट डेप्थ १० ला उडी मारण्यापेक्षा एक ते दहा असं चढत जाणं स्वस्त पडतं. मोजायचं सोपं माप सांगतो, जितके बीटा कटऑफ होतात (स्कोर बीटाच्या, म्हणजे समोरचा ज्याच्या वर जाऊ देणार नाही त्या मर्यादेच्या, वर गेला म्हणून उरलेल्या चाली सोडणं) त्यातले किती पहिल्याच चालीवर होतात ते मोजा. नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक, सत्तर असेल तर पुढचं काहीही वाचू नका, आधी तिथे परत जा.

आता खरी गंमत. अल्फा-बीटा अगदी आदर्श चाललं तरी ते फार तर डेप्थ दुप्पट करून देतं, कारण घातांक निम्मा होतो. ३५ चं वर्गमूळ सहाच्या जवळ, म्हणजे प्रत्येक प्लायला साधारण सहापट काम. आजच्या चांगल्या इंजिनांत हा आकडा दोनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. सहा ते दोन हा जो फरक आहे तो पुराव्यावर येत नाही, तो जुगारावर येतो, आणि तुमच्या प्रश्नातली भीती त्याबद्दलच आहे.

ही भीती नवीन नाही. गणितज्ञ शॅननने १९५० च्या लेखातच दोन रस्ते मांडले होते, एक म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत सगळं बघा, दुसरा म्हणजे माणसासारख्या निवडक चाली बघा. सुरुवातीला बऱ्याच जणांना दुसरा रस्ता जास्त हुशारीचा वाटला, आणि चार-पाच 'बऱ्या दिसणाऱ्या' चाली निवडून बाकीच्या कायमच्या टाकून देणारे प्रोग्राम लिहिले गेले. बोटविनिकसारखा विश्वविजेता माणूस वर्षानुवर्षं याच वाटेने पायोनिअर नावाचा प्रोग्राम घडवत बसला. पण निवड करणारा भाग जिथे चुकला तिथे चूक कायमची, पाच तास सर्च चालवा की पाच दिवस, जी चाल यादीतच नाही ती दिसणार कशी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्लेट आणि ॲटकिन यांनी १९७३ मध्ये हे सगळं सोडून सरळ सगळ्या चाली बघणारं चेस ४.० लिहिलं, आणि पुढची कितीतरी वर्षं जग त्याच मार्गाने गेलं. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारं डीप ब्लूसुद्धा मुख्यतः त्याच घराण्यातलं, सेकंदाला २० कोटी पोझिशन बघायचं, आणि त्याचा भर चाली छाटण्यापेक्षा महत्त्वाच्या ओळी जास्त खोल नेण्यावर होता.

मग निवडक सर्च परत कसा आला? आजची इंजिनं सहसा कुठलीही चाल कायमची 'टाकून' देत नाहीत, फार तर 'नंतर बघू' म्हणतात. हा फरक डोक्यात बसला ना की बाकी सगळी तंत्रं आपोआप जागेवर बसतात.

लेट मूव्ह रिडक्शन (यादीत उशिरा येणाऱ्या चाली कमी खोलीला बघणं) घ्या, याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही असं माझं मत. डेप्थ १२ चा नोड आहे, चाली नीट लावलेल्या आहेत, आता विसाव्या नंबरची एक शांत चाल आली. पहिल्या एकोणीस चालींनी कटऑफ दिला नाही म्हणजे बहुतेक इथे कोणीच देणार नाही, मग ही विसावी पूर्ण खोलीला बघायची कशाला? डेप्थचा नैसर्गिक लॉग गुणिले चालीच्या नंबराचा लॉग भागिले दोनच्या आसपासचा काहीतरी आकडा, असा फॉर्म्युला बरेच जण वापरतात. १२ चा लॉग २.४८, २० चा ३.००, गुणाकार ७.४, निम्मे ३.७, म्हणजे तीन प्लाय कमी. ११ ऐवजी ८ ला बघा. निकाल अल्फाच्या, म्हणजे आत्तापर्यंत हाती असलेल्या स्कोरच्या, खाली आला, जसा बहुतेक वेळा येतोच, तर पुढे चला. वर आला तर म्हणायचं अरे ही काहीतरी वेगळी दिसतेय, आणि परत पूर्ण खोलीला बघायचं. आता समजा ती चाल खरंच भारी होती पण तिचं भारीपण ९ प्लायनंतरच कळतं. या फेरीत हुकली. पण पुढच्या एकदोन फेऱ्यांत डेप्थ १३-१४ होईल तेव्हा तीच चाल ९-१० ला बघितली जाईल आणि सापडेल, आणि एकदा सापडली की हॅशमध्ये पहिल्या नंबरला बसेल. म्हणजे चूक झाली ती आंधळेपणाची नाही, उशिराची. आणि कमी केलेल्या कामातून एवढा वेळ वाचलेला असतो की ते इंजिन १४ ला पोचतं तेव्हा तुमचं प्रामाणिक इंजिन अजून ८ शी झगडत असतं, मग उशीर नेमका कोणाला झाला? २००४-०५ च्या सुमारास फ्रूट नावाच्या इंजिनाचा सोर्स कोड लोकांनी वाचला आणि बघता बघता हे सगळीकडे पसरलं.

कुठे कमी करू नये हे अनुभवाने कळतं. मारामारी, प्रमोशन, शहातून सुटायच्या चाली यांना हात आखडता ठेवा, हिस्टरी चांगली असलेल्या चालींना थोडी सूट द्या. आणि एक चलाख मुद्दा, जो मला फार उशिरा कळला: आत्ताचं इव्हॅल्युएशन (पोझिशनला दिलेले गुण) दोन प्लायपूर्वीच्या स्वतःच्याच इव्हॅल्युएशनपेक्षा चांगलं झालंय का ते बघा. पोझिशन सुधारत नसेल तर जास्त कापा, सुधारत असेल तर जपून. एका तुलनेचा खर्च, आणि जवळपास प्रत्येक प्रूनिंगमध्ये उपयोगी पडतं.

दुसरं मोठं तंत्र नल मूव्ह. बील यांनी १९८९ मध्ये हे मांडलं आणि १९९३ मध्ये डोनिंगर यांच्या लेखानंतर जो तो वापरायला लागला. कल्पना फार सुंदर आहे: माझी पाळी असताना मी चाल खेळतच नाही, समोरच्याला सलग दोन चाली देतो, आणि तरीही माझा स्कोर बीटाच्या वरच राहतो, तर मग खरी चाल खेळल्यावर तो वर राहणारच, सोडा हा नोड. डेप्थ ८ असेल तर हा तपास ८ वजा १ वजा २ म्हणजे ५ ला करायचा, तेवढ्या खर्चात अख्खं उपझाड गेलं. वजीर फुकट देणाऱ्या हजारो मूर्ख ओळी याने पहिल्या फटक्यात संपतात, कारण वजीर मिळालेली बाजू पाळी सोडूनसुद्धा जिंकतच असते.

पण यामागचं गृहीतक काय, तर 'काहीतरी खेळणं हे काहीच न खेळण्यापेक्षा बरं'. चेसमध्ये ते नेहमी खरं नसतं, त्याला झुगझ्वांग म्हणतात. पट मांडा: पांढरा राजा एफ५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा डी४, काळं प्यादं ई५, बाकी काही नाही. दोन्ही राजे आपापलं प्यादं राखून उभे आहेत आणि प्यादी एकमेकांना अडवून बसलीत. ज्याची पाळी त्याला राजा हलवावाच लागतो, राजा हलला की प्यादं गेलं, प्यादं गेलं की डाव गेला. आता पांढऱ्याची पाळी आहे आणि तुमचं इंजिन नल मूव्ह लावतं. पांढरा पाळी सोडतो, मग काळ्यालाच हलावं लागतं, काळ्याचं प्यादं पडतं, पांढरा जिंकतोय असं दिसतं, बीटाच्या वर, कटऑफ! इंजिन खुशीत, प्रत्यक्षात हरलेला डाव. आणि इथे मघाचं 'पुढच्या फेरीत सापडेल' हे चालत नाही, कारण डेप्थ ६ असो की ३०, पाळी सोडल्यावर पांढराच जिंकतो, चूक प्रत्येक फेरीत तीच. म्हणून नल मूव्हला कुंपण लागतंच: शहात असताना नाही, लागोपाठ दोनदा नाही, इव्हॅल्युएशन बीटाच्या खाली असेल तर नाही, आणि पाळी असलेल्या बाजूकडे फक्त राजा आणि प्यादी उरली असतील तर अजिबात नाही. जास्त डेप्थला कटऑफ मान्य करण्याआधी नल मूव्ह बंद ठेवून एक कमी खोलीचा पडताळणी सर्च करतात तेही चांगलं. आणि नल मूव्हमधून मात झाल्याचा स्कोर आला तर तो जसाच्या तसा वर पाठवू नका, बीटा पाठवा, कारण पाळी सोडून झालेली मात ही खरी मात नव्हेच.

पानांजवळचं प्रूनिंग मात्र वेगळ्या जातीचं, तिथे खरंच टाकून दिलं जातं. फ्युटिलिटी प्रूनिंगचा विचार असा की एकच प्लाय उरलाय, मी एका घोड्याने मागे आहे, अल्फा शून्यावर आहे, तर हत्ती एक घर सरकवून मी तीन प्याद्यांचा खड्डा भरणार आहे का? नाही. शांत चाली सोडून द्या, फक्त मारामाऱ्या आणि शह बघा. हाइन्झ यांनी १९९८ मध्ये हे आणखी एका प्लायपर्यंत वाढवलं, आता त्याच्याही पुढे वापरतात. याचंच उलटं रूप म्हणजे स्कोर बीटाच्या एवढा वर आहे की दर प्लायमागे एखाद्या प्याद्याचं मार्जिन वजा केलं तरी वरच राहतो, तर काही न बघताच परत फिरा. हे दोन ओळींत लिहून होतं आणि फायदा भरपूर. रेझरिंग (स्कोर फार खाली असेल तर फक्त मारामाऱ्या बघून सोडणं), ठरावीक नंबरानंतरच्या शांत चाली सरळ सोडणं, हे सगळं याच गोतावळ्यातलं. प्रॉबकट (उथळ सर्चवरून खोल निकालाचा अंदाज बांधून छाटणं) बुरो यांनी मुळात ऑथेलोसाठी काढलं होतं, चेसमध्ये नंतर आलं, त्याच्या नादी शेवटी लागा.

यात मी खाल्लेली माती सांगतो. फ्युटिलिटी टाकलं, नोड धडाधड कमी झाले, मी खूश, आणि रात्री लावलेल्या टेस्टमध्ये इंजिन सकाळी हत्ती दान करताना दिसलं, तेही स्कोर ०.०० दाखवत, अगदी शांतपणे. दोन दिवस इव्हॅल्युएशनमध्ये चूक शोधत बसलो. चूक कुठे होती तर लूपमध्ये मी आधी चाल छाटत होतो आणि 'कायदेशीर चाली किती' हा काउंटर त्याच्यानंतर वाढवत होतो. मग ज्या नोडवर मारायला काहीच नाही आणि सगळ्या शांत चाली छाटल्या गेल्या, तिथे काउंटर शून्य, शह नाही, म्हणजे स्टेलमेट, म्हणजे बरोबरी, परत पाठवा ०! हत्तीने मागे असलेल्या बाजूला इंजिन सांगत होतं की काळजी नको, बरोबरी आहे. एक ओळ वर सरकवली आणि सुटलं. तुम्ही फ्युटिलिटी लिहाल तेव्हा ही ओळ आधी तपासा, आणि निदान एक चाल तरी पूर्ण बघून झाल्याशिवाय छाटणी सुरूच करू नका.

हे सगळं क्वायसन्स सर्चवर उभं आहे हे विसरू नका. डेप्थ संपली म्हणून वजिराने प्यादं मारलेल्या क्षणी सर्च थांबवला तर इंजिनला वाटणार एक प्यादं कमावलं, पुढच्या चालीत वजीर जातोय हे दिसणारच नाही. शेवटी मारामाऱ्या संपेपर्यंत बघायचंच, पण तिथेही ज्या देवाणघेवाणीत सरळ तोटा आहे त्या सोडायच्या, नाहीतर निम्मा वेळ तिथेच जातो.

आता एक कानपिचकी. नोड कमी झाले म्हणजे इंजिन सुधारलं असं अजिबात नाही. सगळ्या चाली छाटल्या तर नोड शून्य होतील की. तसंच कॉम्बिनेशनच्या कोड्यांचा संच लावून 'आधी २७० सुटायची आता २६५' असं बघूनही घाबरू नका, छाटणीने कोडी थोडी उशिरा सुटतात आणि तरी इंजिन डाव जास्त जिंकतं, कारण खरे डाव बलिदानांनी कमी आणि शांत चालींनी जास्त ठरतात. एकच खरं माप: जुनं विरुद्ध नवं, वेगवेगळ्या ओपनिंगमधून, दोन्ही रंगांनी, हजारो डाव. शंभर डावांत चाळीस-पन्नास एलोचा (खेळाच्या ताकदीचं माप) फरक निव्वळ नशिबानेही दिसतो, आणि एका प्रूनिंगच्या सुधारणेतून मिळणार असतात पाच-दहा एलो. स्टॉकफिश या इंजिनाचे लोक २०१३ पासून फिशटेस्टवर हेच करतात, लोकांच्या मशीनवर हजारो डाव खेळवतात आणि एसपीआरटी ही सांख्यिकी चाचणी लावून पुरेसा पुरावा जमला की थांबतात. एकावेळी एकच बदल करा, कारण ही तंत्रं एकमेकांच्या पायात पाय घालतात, लेट मूव्ह रिडक्शन आल्यावर आधीचे फ्युटिलिटीचे आकडे परत लावावे लागतात.

अल्फाझिरोचं (न्यूरल नेटवर्कवर चालणारं इंजिन) काय असं तुम्ही शेवटी विचारलंय. २०१७ मध्ये ते सेकंदाला फक्त ८० हजार पोझिशन बघत होतं, स्टॉकफिश ७ कोटी, आणि तरी जिंकलं. तो शॅननचा दुसराच रस्ता, फक्त निवड करणारं न्यूरल नेटवर्क भयंकर हुशार, आणि तिथेही नेटवर्कला न आवडलेली चाल कायमची टाकत नाहीत, तिच्या वाट्याला कमी वेळ येतो एवढंच. पण लगेच त्याकडे वळू नका. स्टॉकफिशने २०२० मध्ये छोटं न्यूरल नेटवर्क घेतलं ते इव्हॅल्युएशनपुरतं, सर्च अल्फा-बीटाचाच ठेवला, आणि वर जे सगळं लिहिलंय ते तिथे अजूनही चालू आहे, उलट इव्हॅल्युएशन विश्वासाचं झाल्यामुळे छाटणीही जास्त विश्वासाने करता येते.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: ऑर्डरिंग आणि हॅश, मग क्वायसन्स, मग नल मूव्ह कुंपणासकट, मग लेट मूव्ह रिडक्शन, आणि त्यानंतर पानांजवळची किरकोळ छाटणी. तो पहिल्या चालीवरच्या कटऑफचा टक्का तेवढा मोजून इथे टाका, आणि हॅशमधली चाल खरंच पहिली खेळली जातेय का ते डीबगरमध्ये एकदा डोळ्यांनी बघा. माझ्या पहिल्या इंजिनात ती यादीत दोनदा येत होती आणि सहा महिने मला पत्ताच नव्हता.